जुन्या वाटा, नवे टपाल : लहान कार्यालयातील राउटर आणि जुने प्रोटोकॉल

(सुरत येथे मराठी शाळांतील शिक्षक, लहान कार्यालयांतील कर्मचारी आणि नंदुरबार-नवापूरकडील ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर वाचून आपणांपैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. राउटर, प्रोटोकॉल हे शब्द ऐकले की हे आपले काम नव्हे, यंत्रज्ञाचे काम आहे, असे मनात येते. मला स्वतःला तसेच वाटत होते. मी कलाशाखेचा पदवीधर. माझी नोकरी प्रसिद्धी विभागातील. यंत्राशी माझा संबंध टंकलेखनापुरता. तथापि याच सुरत शहरात एका प्रसंगी मला असे आढळून आले की, ज्या गोष्टीला आपण यंत्रज्ञाची बाब म्हणून बाजूस सारतो, तीमुळे एखाद्या वृद्ध शिक्षकाचे हक्काचे पैसे दोन-दोन महिने अडून राहू शकतात. म्हणून तो प्रसंग आणि त्यातून जे शिकावयास मिळाले ते आपणांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

नवापूरचे स्थानक

प्रथम राउटर म्हणजे काय ते समजून घेऊ. आपणांपैकी पुष्कळजण उधना-जळगाव लोहमार्गाने येथे आले असाल. लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत जी खानदेशी कुटुंबे वसली आहेत, त्यांची ही येण्याजाण्याची वाट. या वाटेवर नवापूरचे स्थानक लागते. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. तेथील सूचनाही मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांतून दिल्या जातात. राउटर हे नेमके असेच स्थानक होय. त्याचा एक पाय एका जाळ्यात आणि दुसरा पाय दुसऱ्या जाळ्यात असतो. एका बाजूने आलेले टपाल कोणाचे आहे ते तो पत्ता वाचून पाहतो, आपल्याजवळील मार्गांची यादी चाळतो आणि योग्य त्या बाजूस ते पुढे पाठवितो.

आता प्रोटोकॉल म्हणजे काय? दोन संगणकांनी एकमेकांशी बोलताना पाळावयाची नियमावली. पत्ता कसा लिहावयाचा, टपालाच्या पाकिटाचा आकार कसा असावयाचा, पोच कशी द्यावयाची, हे सर्व त्या नियमावलीत ठरलेले असते. ज्या राउटरला एकापेक्षा अधिक नियमावल्या कळतात, तो चार भाषांत सूचना देणाऱ्या नवापूरच्या स्थानकासारखा. ज्याला एकच कळते, त्याच्यापुढे दुसऱ्या नियमावलीचे टपाल आले तर तो ते मुकाट्याने टाकून देतो. तो तक्रार करीत नाही, दिवाही लाल करीत नाही. आणि खरी अडचण तीच आहे.

आज जगभर चालणारी नियमावली आयपी या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने १९८३ च्या १ जानेवारीस आपली जुनी नियमावली सोडून ही स्वीकारली. परंतु त्याच काळात लहान कार्यालयांत एक निराळीच नियमावली रुजत होती. नॉवेल या कंपनीच्या नेटवेअर प्रणालीबरोबर ती येत असे. तिचे नाव आयपीएक्स. तिचे मूळ झेरॉक्स कंपनीच्या संशोधनात होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हिशेब, पगारपत्रके, मालसाठा अशी कामे एका सर्व्हरवर ठेवून पाच-दहा संगणकांवरून चालवावयाची असली की बहुधा नेटवेअर आणि आयपीएक्स हीच जोडी असे. आपल्या देशात विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांस इंटरनेट सेवा दिली ती १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्यापूर्वी ज्या कार्यालयांनी संगणक घेतले, त्यांना आयपीची गरज फारशी भासली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पुरानंतरचे दोन महिने

आता तो प्रसंग. २००६ सालचा ऑगस्ट महिना. उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीच्या पात्रात मावले नाही आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. येथे बसलेल्या अनेकांनी ते दिवस गच्चीवर काढले असतील. माझे मामा तेव्हा येथेच राहत. प्राथमिक शिक्षक म्हणून आयुष्य काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. पुराने त्यांच्या घरातील धान्य, अंथरुणे, भिंतीचा गिलावा, सारेच नेले. घर पुन्हा उभे करावयास पैसा हवा होता आणि तो त्यांच्या भविष्य निर्वाह निधीत जमा होता. तो देणारे कार्यालय कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याच्यासारखी पुष्कळ होती.

त्या कार्यालयाची रचना साधी होती. मुख्य कार्यालय एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. तेथे नेटवेअरचा सर्व्हर. शाखा काही अंतरावर, तळमजल्यावर. दोहोंच्या मध्ये भाड्याने घेतलेली दूरध्वनी तार आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक लहान राउटर. शिक्षकांची खाती शाखेतून पाहिली जात. देयके शाखेतूनच तयार होऊन मुख्य कार्यालयात जात. पुरात मुख्य कार्यालयाचा सर्व्हर सुखरूप राहिला. शाखेतील संगणक लोकांनी वेळीच वर उचलून ठेवले होते. भिंतीला खालच्या अंगास लावलेला राउटर मात्र पाण्यात बुडाला.

काही दिवसांनी तेथे नवा राउटर बसविण्यात आला. ज्याने तो बसविला त्याने शाखेतून मुख्य कार्यालयास एक ई-मेल पाठवून पाहिला. तो पोहोचला. तार ठीक, यंत्र ठीक, असा शेरा मारून तो गेला. मामा गेले तेव्हा कारकून म्हणाला, “सर्व्हर दिसत नाही, सोमवारी या.” सोमवारी गेले, तेच उत्तर. मुख्य कार्यालयात गेले, तर तेथे सांगण्यात आले की अर्ज शाखेतूनच आला पाहिजे. असे करता करता ऑक्टोबर उजाडला. मी रजा घेऊन आलो होतो, तेव्हा मामांबरोबर शाखेत गेलो. योगायोगाने त्याच दिवशी दुसरा एक मध्यमवयीन यंत्रज्ञ तेथे आला होता. तो शांतपणे काम करीत होता आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत होता. आज मी जे सांगत आहे त्याचा पाया त्याने मला त्या दिवशी घालून दिला.

त्याने प्रथम एकच प्रश्न विचारला: “ई-मेल जातो आणि जुना हिशेब दिसत नाही, असेच ना?” कारकून हो म्हणाला. यंत्रज्ञ हसला. ई-मेल आयपीने जातो. जुना हिशेब आयपीएक्सने चालतो. नव्या राउटरला आयपी शिकविले होते, आयपीएक्स शिकविण्याचे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. मामा शिक्षक, त्यांनी चटकन सार काढले. “म्हणजे पोरगा शाळेत आला, पण त्याचे नावच हजेरीपटावर नाही!” दोन महिने चाललेल्या हेलपाट्यांचे मूळ इतक्यात होते.

चार पायऱ्या

पुढे त्याने जे केले ते क्रमाने सांगतो, कारण जुनी नियमावली राउटरवर चालू करण्याचे काम कोठेही याच क्रमाने होते.

पहिली पायरी, राउटरवर आयपीएक्सचे मार्गयोजन चालू करणे. ही एका ओळीची आज्ञा आहे. ती दिल्यावाचून पुढील कोणतीही आज्ञा उपयोगी पडत नाही.

दुसरी पायरी, प्रत्येक जाळ्यास क्रमांक देणे. आयपीएक्समध्ये पत्त्याचे दोन भाग असतात. एक जाळ्याचा क्रमांक, दुसरा त्या जाळ्यातील यंत्राचा. यंत्राचा क्रमांक कारखान्यातूनच त्याच्या जाळे-कार्डावर कोरलेला येतो, म्हणून टेबलावरील प्रत्येक संगणकास हाताने पत्ता द्यावा लागत नाही. ही या जुन्या नियमावलीची मोठीच सोय होती. परंतु जाळ्याचा क्रमांक माणसाने ठरवावा लागतो. तो जास्तीत जास्त आठ अंकी असतो आणि त्यात ० ते ९ या अंकांखेरीज ए ते एफ ही इंग्रजी अक्षरेही चालतात. नियम दोनच: एका केबलवरील सर्व सर्व्हरांनी व राउटरांनी त्या केबलचा क्रमांक एकच धरला पाहिजे, आणि दोन निरनिराळ्या केबलांना एकच क्रमांक कधीही देता कामा नये. आमच्या प्रसंगात जाळी तीन होती: मुख्य कार्यालयाची केबल, शाखेची केबल आणि मधली तार. मधल्या तारेसही स्वतःचा क्रमांक लागतो, हे पुष्कळजण विसरतात.

येथे खरी अडचण उद्भवली. पूर्वीचे क्रमांक कोणते होते? ज्या वहीत ते लिहिले होते ती राउटरशेजारीच ठेवलेली होती. ती पुरात गेली. यंत्रज्ञाने मुख्य कार्यालयातील जुना राउटर पाहिला आणि तारेचा क्रमांक त्यावरून उतरवून घेतला. शाखेच्या केबलचा जुना क्रमांक मात्र तेथेही मिळेना. का मिळेना, त्याचेही कारण आहे. हे राउटर दर ६० सेकंदांनी आपल्याजवळील मार्गांची यादी शेजाऱ्यास कळवितात. शेजाऱ्याकडून तीन मिनिटे काहीच कळले नाही, तर तो मार्ग नाहीसा झाला असे धरून यादीतून काढून टाकतात. दोन महिने बंद पडलेल्या शाखेचे नाव तेथे कसे राहणार? तेव्हा त्याने मुख्य कार्यालयाच्या यादीत नसलेला एक नवा क्रमांक निवडून शाखेस दिला.

तिसरी पायरी, पाकिटाचा आकार जुळविणे. ही सर्वांत फसवी. दुसरी पायरी पूर्ण होताच राउटरच्या यादीत मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरचे नाव दिसू लागले. कारकुनाने आनंदाने हिशेबाचा कार्यक्रम उघडला. पण संगणक पुन्हा म्हणतो, सर्व्हर सापडत नाही. मामांचा चेहरा उतरला. यंत्रज्ञ मात्र डगमगला नाही. त्याने समजावून सांगितले की, आयपीएक्सचे टपाल केबलवरून जाताना चार निरनिराळ्या आकारांच्या पाकिटांत घालता येते. नेटवेअरच्या ३.११ आवृत्तीपर्यंत एक आकार रूढ होता, ३.१२ पासून दुसरा रूढ झाला. नव्या राउटरने आपण होऊन जुना आकार धरला होता, तर टेबलावरील संगणक पुढचा आकार वापरीत होते. दोघेही एकाच केबलवर, दोघेही आयपीएक्सच बोलणारे. परंतु एकाचे पाकीट दुसऱ्यास उघडता येत नव्हते. बिलिमोरा-वघई मार्गाचा अरुंद डबा मुंबईच्या रुंद रुळांवर उभा केला तर जे होईल, तेच येथे झाले होते. डबा चांगला, रूळही चांगला. माप मात्र जुळत नाही. राउटरच्या शाखेकडील बाजूस योग्य आकाराची आज्ञा देताच मिनिटभरात कार्यक्रम उघडला.

चौथी पायरी, केलेले काम जतन करणे. राउटरला दिलेल्या आज्ञा प्रथम त्याच्या तात्पुरत्या स्मरणात राहतात. त्या कायमच्या स्मरणात उतरविल्या नाहीत, तर वीज जाताच सारे पुसले जाते आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताना पुन्हा पहिलेच पाढे. त्याने आज्ञा जतन केल्या, राउटर एकदा बंद करून पुन्हा चालू केला आणि कार्यक्रम पुन्हा उघडून पाहिला. मग तिन्ही जाळ्यांचे क्रमांक, पाकिटाचा आकार आणि त्या दिवसाची तारीख एका कागदावर लिहून त्याच्या दोन प्रती केल्या. एक शाखेच्या कपाटाच्या दारास आतून, वरच्या अंगास चिकटविली. दुसरी मुख्य कार्यालयास पाठविली. पाच-सहा दिवसांत मामांचे देयक निघाले.

हाक आणि उत्तर

या नियमावलीची आणखी एक रीत सांगण्याजोगी आहे, कारण तीत खर्चाचा प्रश्न गुंतलेला आहे. नेटवेअरचा संगणक सकाळी सुरू झाला की तो केबलवर हाक देतो: जवळचा सर्व्हर कोणता? त्याच केबलवर सर्व्हर असेल तर तो उत्तर देतो. शाखेत सर्व्हर नसेल तर ही हाक तारेपलीकडे जात नाही. राउटर स्वतःच आपल्या यादीतून उत्तर देतो. ही यादी त्याला कशी मिळते? प्रत्येक सर्व्हर दर ६० सेकंदांनी आपण कोणती सेवा देतो, फायलींची की छपाईची, ते जाहीर करीत असतो. बाजारात दर मिनिटाला आपल्या मालाचे नाव पुकारणाऱ्या फेरीवाल्यासारखे ते असते.

एका केबलवर हे पुकारणे निरुपद्रवी असते. परंतु जेथे भाड्याची कायम तार नसून वापरानुसार आकार पडणारी दूरध्वनीची जोडणी असते, तेथे दर मिनिटाच्या या पुकाऱ्याने तार सतत जागी राहते आणि कोणीही काम करीत नसताना बिल चढत जाते. हे टाळण्यासाठी राउटरवर गाळणी बसविता येते; कोणत्या सर्व्हरचे नाव पलीकडे जाऊ द्यावयाचे आणि कोणाचे नाही, हे तीत ठरते. तसेच, तुम्ही आहात काय, अशी सर्व्हरकडून मधूनमधून होणारी विचारपूस राउटरने संगणकाच्या वतीने परस्पर भागवावी, अशीही योजना असते.

मार्ग निवडण्याची त्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. सेकंदाचा सुमारे अठरावा भाग हे वेळेचे माप धरून, ज्या वाटेस वेळ कमी लागेल ती तो निवडतो. वेळ सारखाच असेल तर मधल्या राउटरांची संख्या मोजतो. पंधरापेक्षा अधिक राउटर ओलांडावे लागत असतील तर ते ठिकाण पोहोचण्याजोगे नाही असे धरतो. यावरून ही नियमावली लहान व मध्यम कार्यालयांसाठी होती, साऱ्या जगाचे टपाल वाहण्यासाठी नव्हती, हे स्पष्ट होते.

जुने किती दिवस ठेवावे?

आता कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? जुने टाकून नवे घ्यावे. तत्त्वतः हे खरे आहे. १९९८ साली निघालेल्या नेटवेअरच्या पाचव्या आवृत्तीने स्वतःच आयपीचा स्वीकार केला. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये बाजारात आणलेल्या विंडोज व्हिस्टापासून आयपीएक्सची सोय काढून टाकली. आज नवे राउटर घ्यावयास गेल्यास ही नियमावली जाणणारे यंत्र सहसा मिळत नाही. शिवाय त्या काळच्या या टपालाला कुलूप नसते. वाटेत कोणी वाचू म्हटल्यास वाचू शकतो. तेव्हा जुने कायमचे ठेवावे असे मी मुळीच म्हणत नाही.

परंतु यंत्र टाकून देणे निराळे आणि त्यातील नोंदी टाकून देणे निराळे. यंत्र कार्यालयाचे असते; नोंदी मात्र लोकांच्या असतात. आपण मागे नाणी बदलली तेव्हा काय केले? १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. पण त्याच दिवशी आणे बाद झाले नाहीत. काही वर्षे दोन्ही नाणी शेजारी शेजारी चालली. दुकानांत कोष्टके लटकविली गेली, शाळांतून मुलांकडून ती पाठ करून घेतली गेली. वयस्कर मंडळींना ते आठवत असेल. लोकांचा पैसा बुडू नये म्हणूनच ती काळजी घेतली होती.

जाळ्यांच्या बाबतीतही तीन मार्ग आहेत. पहिला, एकाच राउटरवर दोन्ही नियमावल्या शेजारी शेजारी चालविणे, जसे शाखेत झाले. दुसरा, मधले जाळे फक्त आयपीच वाहत असेल, तर जुन्या नियमावलीचे पाकीट आयपीच्या पाकिटात घालून पाठविणे आणि पलीकडे ते उघडून आतले बाहेर काढणे. याची रीत १९९१ सालीच लिहून प्रसिद्ध झाली होती. तिसरा, जुन्या कार्यक्रमातील सर्व नोंदी नव्या कार्यक्रमात उतरवून घेणे, त्या कागदाशी ताडून पाहणे आणि मगच जुने बंद करणे. पहिले दोन मार्ग पूल बांधण्याचे आहेत, तिसरा घर हलविण्याचा. पुलावर कोणी कायमचे राहत नाही. तरी घर हलेपर्यंत पूल मोडू नये, इतके व्यवहारज्ञान हवे.

आजचे नवे, उद्याचे जुने

हा विषय आयपीएक्सबरोबर संपला असेही कोणी समजू नये. ज्या आयपीला आपण आज नवे म्हणतो, त्याची चौथी आवृत्ती १९८१ साली लिहिली गेली. तीत एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होऊ शकतात. त्या वेळी ही संख्या अफाट वाटली होती. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून संपले. त्यापुढची आवृत्ती सहावी. तिचे पत्ते इतके विपुल आहेत की ते संपण्याची चिंता उरत नाही. भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने ही आवृत्ती स्वीकारण्याचा आराखडा जुलै २०१० मध्येच प्रसिद्ध केला. परंतु चौथी आवृत्ती जाणणाऱ्यास सहावी आपोआप कळत नाही. म्हणून दोन्ही एकाच राउटरवर शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. म्हणजे शाखेतील त्या लहानशा राउटरची गोष्ट आज साऱ्या जगात मोठ्या प्रमाणावर घडत आहे.

खेड्यांनाही हा विषय दूरचा राहिलेला नाही. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूच्या तारेने जोडण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली. ज्या पंचायतीत तार पोहोचली, तिच्या कपाटातही एक राउटर आला. त्याला काय शिकविले आहे, ते कोठे लिहून ठेवले आहे आणि तो बंद पडल्यास कोणास कळवावयाचे, हे गावातील निदान दोन माणसांना ठाऊक असले पाहिजे.

तिघांना तीन विनंत्या

अधिकारी बंधूंना माझी विनंती अशी की, नवे यंत्र बसले म्हणून काम झाल्याचा शेरा मारण्यापूर्वी कार्यालयात चालणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाची यादी करावी आणि प्रत्येक कार्यक्रम लोकांच्या खुर्चीवर बसून उघडून पाहावा. एक ई-मेल पोहोचला यावरून सारे ठीक आहे असे मानू नये. क्रमांक व आज्ञा यांचा कागद दोन ठिकाणी ठेवावा, आणि त्यांपैकी एक जागा पुराच्या पाण्याच्या वर असावी. सुरतकरांना हे अधिक सांगावयास नको.

शिक्षकांना विनंती अशी की, हा विषय वर्गात खेळातून शिकवावा. वर्गाचे दोन भाग करा. दाराशी एका मुलास राउटर म्हणून उभे करा. मुलांनी चिठ्ठीवर गटाचा क्रमांक व बाकाचा क्रमांक लिहून दारातल्या मुलास द्यावी. त्याने केवळ गटाचा क्रमांक पाहून ती पलीकडे द्यावी. मग दोन्ही गटांना एकच क्रमांक द्या आणि कसा गोंधळ उडतो ते पाहा. त्यानंतर काही चिठ्ठ्या मराठीत व काही गुजरातीत लिहावयास सांगा आणि दारातील मुलास एकच लिपी वाचण्याची मुभा द्या. तासाभरात मुलांना जे समजेल ते पुस्तकाची दहा पाने वाचूनही समजणार नाही.

आणि ग्रामस्थांना विनंती अशी की, “सर्व्हर दिसत नाही” हे उत्तर ऐकून मुकाट्याने परतू नये. नम्रतेने विचारावे: दुसरी कामे चालतात काय? कोणतेच चालत नाही, की एकच चालत नाही? यंत्रज्ञास कधी कळविले? हे तीन प्रश्न विचारावयास यंत्रविद्या लागत नाही. आणि एकच काम चालत नाही असे उत्तर आले, तर दोष कोठे शोधावा ते निम्मे कळल्यासारखेच आहे. अर्ज दिल्याची तारीखवार पोच अवश्य घ्यावी. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आणि गुजरातेत त्याच हेतूने २०१३ मध्ये झालेला कायदा यांनी अधिसूचित सेवांसाठी मुदती घालून दिल्या आहेत. या मुदती दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवाव्यात.

शेवटी मामांविषयी एक गोष्ट सांगून आपली रजा घेतो. पैसे हाती पडल्यावर त्यांनी घराचा गिलावा करून घेतला आणि भिंतीत जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एक फडताळ बांधून घेतले. त्यात त्यांनी आपले सेवापुस्तक, शिधापत्रिका आणि घराची कागदपत्रे ठेवली. त्याशेजारी एक चिठ्ठी होती. तीवर त्या यंत्रज्ञाने सांगितलेले तीन क्रमांक त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून घेतले होते. मी विचारले, “मामा, हे तुम्हांला काय कामाचे?” ते म्हणाले, “मला नाही रे. पण त्या शाखेत आणखी दोनशे मास्तरांची खाती आहेत. पुन्हा पाणी आले आणि त्यांचा कागद गेला, तर कोणाकडे तरी असावा.”

आपले काम नसलेला कागद दुसऱ्याच्या गरजेसाठी जपून ठेवणे, ही वृत्ती आपल्या प्रत्येक कार्यालयात आली तर जुने आणि नवे यांचे भांडण उरणार नाही.